निळा ठिपका

फुंकरमामांच्या घरात पाण्याच्या सुरईला बुडाशी एक निळा ठिपका आहे. तेलाच्या बाटलीला आहे, फुलदाणीला आहे, मामी ज्यात सुटी बटणं ठेवतात त्या बुटक्या बरणीलाही आहे. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, एकाच दुकानातून संच आणलेला दिसतोय.

"संच कसला आलाय," मामी म्हणतात. "ही सगळी ह्यांच्या कारखान्यातली नापास पोरं. तिथे कुणी घेईना, म्हणून इथे वाढताहेत."

कारखाना आपला म्हणायचा. एक लांबट शेड, सहा बर्नर, दोन लेथ, एक भट्टी आणि सात माणसं. प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी तिथे हाताने बनतात: चंबू, नळ्या, नळीच्या पोटात नळी असलेले कंडेन्सर. भांडं बनताना कुठे तडकलं किंवा पातळ पडलं, तर तेवढाच भाग कापून तिथे नवा तुकडा सांधता येतो. मामांच्या हातचा सांधा तर शोधून सापडत नाही. म्हणूनच एक नियम होता, मालकांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. सांधलेल्या भांड्याच्या बुडाशी निळ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि भट्टीत तो पक्का करायचा. त्या भांड्यात पाणी भरा, मीठ भरा, काय वाटेल ते भरा, पण त्यातली हवा उपसायची नाही आणि त्याच्यावर दाब आणायचा नाही. शेडमध्ये त्याचा टोमणाही झाला होता. जड खोकं उचलायला कुणी कां-कू केली की बाकीचे म्हणत, "राहू दे रे, ठिपका आहे त्याला."

हा टोमणा सगळ्यात जास्त मारला असेल तो मामांनीच.

एकतीस वर्षं त्यांनी काच फुंकली. गाल फुगवून फुंकतो तो कच्चा, असं त्यांचं म्हणणं. फुंकर पोटातून येते, गाल नुसतं दार उघडतात. सवय इतकी अंगात मुरलेली की ते चहा फुंकत, चष्म्याची काच फुंकत, वर्तमानपत्राची चिकटलेली पानं फुंकून सुटी करत. लेक लहान असताना गुडघा फोडून आली की आधी बाबांची फुंकर, मग औषध. त्या लेकीच्या मैत्रिणींनीच त्यांना फुंकरमामा करून टाकलं आणि मग मामींनाही बिनबोभाट मामी व्हावं लागलं. फुंकायला काहीच हाताशी नसलं की मामा शीळ घालत. एकच सूर, अर्धवट, पुढे न जाणारा. मामी वैतागून म्हणायच्या, "पूर्ण तरी करा ते, नाहीतर सोडा तरी."

चार महिन्यांपूर्वी ते सुटलं.

निमित्त साध्या खोकल्याचं. खोकला हटेना म्हणून छातीचा फोटो काढला, फोटो पाहून डॉक्टरांनी स्कॅन काढायला लावलं आणि स्कॅन पाहून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, अगदी उगमापाशी फुगली होती. असावी त्याहून कितीतरी जास्त. बावन्न मिलिमीटर.

"जड उचलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "कुंथायचं नाही. श्वास कोंडून जोर येईल असं काहीही करायचं नाही. तुम्ही काम काय करता?"

मामांनी सांगितलं. डॉक्टरांचं पेन कागदावरच थांबलं.

तेव्हापासून मामा शेडच्या दुसऱ्या टोकाला, ताण बघायच्या यंत्रापाशी बसतात. दोन काळसर काचा, त्यांच्यामागे दिवा. मधे भांडं धरलं की काचेत कुठे ताण राहिलाय तिथे उजेडाचा डाग दिसतो. डाग दिसला तर भांडं परत भट्टीत, नाही दिसला तर खोक्यात. बसून करायचं काम, मान मोडून येणारं, आणि तोंडाला काही काम नाही. त्यांचा बर्नर आता त्यांच्याच वयाच्या जोडीदाराकडे होता. जोडीदार चांगला कारागीर, पण पाठमोरा बसला की मामांना त्याच्या खांद्यांवरून कळायचं, आता काच मऊ झाली, आता ह्याने फुंकायला हवं, आता, आता. त्यांच्या पोटात ती फुंकर भरून यायची आणि तिथेच जिरून जायची.

खिशात जांभळट काचेचा चष्मा अजून होता. तो घातला की ज्योतीतली पिवळी लखलख नाहीशी होते आणि आतली तापलेली काच स्वच्छ दिसते, नारिंगी, लवणारी. मामा अधूनमधून तो चष्मा काढत, रुमालाने पुसत आणि परत खिशात ठेवत.

*

सर्जनबाईंचं टेबल इतकं नीटनेटकं होतं की मामांनी आपली पिशवी मांडीवरच ठेवली. बाईंनी कागदावर हृदय काढलं, त्यातून वर जाणारी नळी काढली आणि उगमापाशी तिला कांद्यासारखा फुगवटा दिला. मामांनी मान वाकडी करून पाहिलं.

"भिंत किती जाड?"

"कसली भिंत?"

"नळीची. बावन्न हा बाहेरचा व्यास ना? मग भिंत?"

सर्जनबाईंनी पेन खाली ठेवलं. "लोक मला विचारतात, किती दिवस झोपून राहावं लागेल," त्या म्हणाल्या. "नीट असते तेव्हा दोनेक मिलिमीटर. फुगली की पातळ होत जाते."

"एका बाजूला जास्त."

"बहुतेक वेळा."

"म्हणजे ती बाजू आणखी फुगणार. जिथे पातळ, तिथेच हवा धावते."

"आमच्याकडे रक्त धावतं. पण बरोबर आहे."

"तुम्हा दोघांचं होऊ द्या," मामी म्हणाल्या. "मला नंतर मराठीत कुणी सांगितलं तरी चालेल."

बाई हसल्या आणि त्यांनी कागद मामींकडे फिरवला. फुगलेला भाग कापायचा आणि त्याच्या जागी विणलेली कापडी नळी शिवायची, एवढं ठरलेलं होतं. फुगवटा ज्या मापाला पोचला होता, तिथे नुसती वाट बघणं धोक्याचं होतं. प्रश्न होता तो नळीच्या तोंडाशी असलेल्या झडपेचा. फुगवट्याने तिच्या पाकळ्या ताणल्या होत्या आणि ती थोडी गळत होती.

"एक रस्ता असा," बाई म्हणाल्या. "तुमची झडपही काढायची आणि यांत्रिक झडप बसवायची. लोक तिला धातूची म्हणतात. ती झिजत नाही. पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, जन्मभर, आणि वरचेवर रक्त तपासायचं. कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. आणि ती वाजते."

"वाजते म्हणजे?" मामींनी विचारलं.

"टिकटिक. शांत खोलीत ऐकू येते."

मामी खुर्चीत जराशा पुढे सरकल्या.

"दुसरा रस्ता, झडप तुमचीच ठेवायची. नव्या नळीच्या आत ती परत शिवून बसवायची. काम नाजूक आहे, वेळ जास्त लागतो. पण गोळी बहुधा लागत नाही. बऱ्याच जणांची छान टिकते. काहींची वर्षांनी पुन्हा गळायला लागते, आणि मग छाती पुन्हा उघडावी लागते."

"पुन्हा," मामी म्हणाल्या.

"काहींची. आणि पाकळ्या ठेवण्यासारख्या आहेत की नाही, हे नक्की कळतं ते आत गेल्यावरच. म्हणून दुसरा रस्ता घेतलात, तरी फॉर्मवर मला दोन ओळी लागतील. आधी काय करून पाहायचं, आणि ते नाही जमलं तर काय बसवायचं. धातूची, की प्राण्याच्या ऊतींपासून केलेली. ती वाजत नाही, गोळीचाही त्रास कमी, पण काही वर्षांनी झिजते. पंधरा दिवसांत सांगा."

मामांनी विचारलं, "सांधल्यावर भट्टीत ठेवता का?"

"काय?"

"आम्ही ठेवतो. रात्रभर. सावकाश गार करायचं. घाई केली तर आत ताण राहतो, आणि चार दिवसांनी भांडं ठेवल्या जागी तडकतं. कुणी हातही लावलेला नसतो."

"आम्ही अतिदक्षता विभागात ठेवतो."

"तेच ते," मामा म्हणाले, आणि उठायला लागले.

मामी उठल्या नाहीत. "ह्यांना जे विचारायचंय ते सोडून हे सगळं विचारताहेत," त्या म्हणाल्या. "ह्यांना परत काच फुंकता येईल का? कुठल्या ऑपरेशनने येईल?"

मामा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"त्याचा ह्या निवडीशी संबंध नाही," सर्जनबाई हळू म्हणाल्या. "कुठलंही केलं तरी बाकीची महाधमनी तुमचीच राहणार. जोर लावून फुंकणं आता नाही. मोठी भांडी नाहीत. हलकी फुंकर, ती सुद्धा सहा महिन्यांनी, स्कॅन बघून. मी शब्द देणार नाही."

"आणि हात?" मामांनी विचारलं. "ज्योतीपाशी बसून नुसती काच फिरवली, जोडली, तर?"

"हातांना माझी हरकत नाही. फक्त, गोळी चालू असेल तर कापून घ्यायचं नाही."

मामांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले, मघाचा संकोच मोडून, त्या नीटनेटक्या कागदांवर. बोटांवर पांढऱ्या रेघाच रेघा होत्या, जुन्या, एकमेकींना ओलांडून गेलेल्या. उजव्या अंगठ्यावर एक ताजी होती.

*

"मला टिकटिक चालेल," मामी घरी येऊन म्हणाल्या.

"तुला चालेल. छाती माझी आहे."

"छाती तुमची, पण तिच्याशेजारी कोण झोपतं? चार महिने झाले, मी मधेच उठून तुमच्या नाकापाशी हात धरते. माहीत आहे?"

"माहीत आहे. हाताला बामचा वास येतो."

"मग टिकटिक असली तर उठायला नको. पडल्या पडल्या कळेल, आहेत."

मामी औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात, बावीस वर्षं. रक्त पातळ करायची गोळी घेणारी माणसं त्यांना चेहऱ्याने पाठ. "रोज नेतात लोक. हिंडतात, फिरतात, माझ्याशी भांडतात सुद्धा. काही होत नाही. एकदाच काय ते करून टाका. पुन्हा छाती उघडायची म्हणजे मी पुन्हा त्या बाकावर बसायचं, आणि तेव्हा आपण म्हातारे असणार."

"आणि मी रोज काच हाताळायची, ती मोजे घालून?"

"घाला."

"मोजे घालून काच कळत नाही."

"कळू नये मग थोडे दिवस."

"जन्मभर म्हणाल्या त्या. थोडे दिवस नाही." मामांनी सुरई उचलली, पाणी ओतलं, आणि सवयीने बूड वर करून ठिपका पाहिला. "फुंकर तर गेलीच. हात तरी राहू देत."

 दुसऱ्या दिवशी मामी साक्षीदार घेऊन आल्या.

साक्षीदार म्हणजे त्यांच्या दुकानातलं जुनं गिऱ्हाईक, एक निवृत्त हेडक्लार्क. नऊ वर्षांपूर्वी धातूची झडप बसवलेली. मामी त्यांना पाठीमागे घड्याळकाका म्हणायच्या, आणि घड्याळकाकांना ते ठाऊक होतं.

"ऐकायचंय?" त्यांनी बसता बसताच विचारलं. "पंखा बंद करा. तोंड उघडलं की जास्त ऐकू येतं." आणि त्यांनी दाताच्या डॉक्टरसमोर उघडावं तसं तोंड उघडलं.

मामा वाकले. आतून, घशाच्या पलीकडून, बारीक आवाज येत होता. काचेवर नख वाजवावं तसा. टिक. टिक. टिक.

"पहिले दोन महिने झोप लागली नाही," काका तोंड मिटून म्हणाले. "आता थांबली तर झोप उडेल."

"थांबली तर उडेल कसली, कायमची लागेल," मामी म्हणाल्या.

काका मनापासून हसले. "आमची ही म्हणते, पूर्वी नुसते बडबडायचे, आता ताल धरून बडबडतात."

"गोळीचं काय?" मामांनी विचारलं.

"घेतो. सकाळी रेडिओ लावतो तेव्हा. पालेभाजी रोज सारख्या बेताची, नाहीतर रक्ताचा आकडा बिघडतो. दाढी विजेवरच्या यंत्राने." त्यांनी बाही वर केली. कोपराखाली जांभळा डाग होता, तळहाताएवढा. "दाराला लागलं. इतकंच. पण मी कारकून माणूस हो, मला कापून कापून काय कापणार, कागद." मग त्यांची नजर मामांच्या हातांवर गेली, आणि तिथून मामींकडे. "ह्यांचा धंदा काय म्हणालात?"

मामी पंखा लावायला उठल्या.

*

सुट्टीच्या दिवशी शेडची किल्ली मामांकडे असायची. "चल," ते म्हणाले. "बोलून बोलून तोंड दुखलं. तुला दाखवतो."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण मामी बर्नरपाशी कधी बसल्या नव्हत्या. जेवणाचा डबा द्यायला आल्या तरी दारातूनच. मामांनी त्यांना स्टुलावर बसवलं, आपला जांभळट चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला, स्वतः जोडीदाराचा घेतला. लेथवर एक जाडशी नळी दोन्ही टोकांना पकडून फिरती ठेवली. नळीच्या एका टोकाला रबरी नळी जोडली आणि तिचं दुसरं टोक मामींच्या हातात दिलं.

"तोंडात धर."

"मी?"

"मला बंदी आहे. तुला आहे का?"

"काय करायचं?"

"मी म्हणेन तेव्हा फुंकायचं. चहा गार करतेस तसं नको. डोळ्यात कचरा गेलेल्याच्या डोळ्यावर घालतात, तशी."

ज्योत निळी झाली, सुसाट. मामांनी ती नळीच्या एकाच बाजूला जरा जास्त धरली, मुद्दाम. काच आधी चमकली, मग तिच्यात रंग उतरला, मग ती लवली.

"आता."

मामींनी फुंकलं.

एकतीस वर्षं मामांना काच कळली होती ती दोन्हीकडून एकदम: पोटातून निघालेली हवा आणि बोटांशी तिचं पोचणं. दोन गोष्टी आहेत हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आज पहिल्यांदा हवा कुठूनतरी दुसरीकडून आली. लेथच्या चाकावर टेकलेल्या त्यांच्या बोटांना कळलं, ती आली: थोडी घाबरट, थरथरत, मग सरळ. काचेला काय, कुणाची का असेना, ती फुगली. मामांच्या पोटात त्यांची स्वतःची फुंकर नेहमीसारखी भरून आली होती. ती त्यांनी नाकाने हळूच सोडून दिली.

"हळू. पुरे. पुरे म्हटलं ना."

मामींनी नळी तोंडातून काढली. काचेच्या एका अंगाला फुगा आला होता, आणि त्याचा माथा साबणाच्या फुग्यासारखा पातळ होता.

"मी तर जोर केलाच नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच केलास. आणखी एकदा फुंक, तेवढीच."

मामींनी नळी परत तोंडाशी नेली आणि खाली घेतली. "नको. फुटेल."

"म्हणूनच कापायचं म्हणताहेत," मामा म्हणाले.

ज्योत बारीक करून काच निवू दिली, मग त्यांनी फुगा दोन्ही बाजूंनी कापला. टेबलावर पडून त्याचा चुरा झाला. त्यांनी तुकडे उघड्या हाताने बाजूला सारले, नवी नळी उचलली, तिचं तोंड बोटाने चाचपलं, लावून पाहिली, घासली, परत चाचपली. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे हात काही बघत होते. ओठ आपोआप शिळेच्या आकारात आले होते, पण आवाज नव्हता.

"रक्त आलंय," मामी म्हणाल्या.

"कुठे?"

"करंगळीला. ठिबकतंय."

"असू दे." त्यांनी बोट तोंडात घातलं, काढलं, पँटला पुसलं आणि ज्योत मोठी केली.

मामींची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. मग करंगळीकडे. मामा नळ्यांची टोकं तापवून एकमेकांना भिडवत होते, "आता" म्हणत होते, आणि मामी रबरी नळीत मोजकी फुंकर घालत होत्या, डोळ्यात कचरा गेलेल्याला घालतात तशी, आणि दर वेळी परत करंगळीकडे बघत होत्या. दुसऱ्या मिनिटाला रक्त थांबलं. मामांच्या ते गावीही नव्हतं.

सांधा झाला तेव्हा मामींना तो दिसेना. चष्मा काढून, घालून, उजेडाकडे धरूनही दिसेना.

"दिवसाला किती वेळा कापतं असं?" त्यांनी विचारलं.

"मोजतंय कोण."

"मोजे घालणार नाही तुम्ही."

"घालेन म्हणेन."

"आणि घालणार नाही."

मामांनी नळी भट्टीत ठेवली. त्याआधी बारीक कुंचल्याने एका टोकाशी निळा ठिपका दिला.

"उगाच," मामी म्हणाल्या. "विकायची आहे थोडीच."

"नियम आहे."

भट्टीचं दार लागलं. मामी स्टुलावरच बसून राहिल्या, हातात रबरी नळी. "पहिल्या ओळीत तुमची स्वतःची लिहा," त्या म्हणाल्या. "पुन्हा उघडायची वेळ आली तर मी पुन्हा बाकावर बसेन. स्वेटर विणायला घेईन, मोठा. पण दुसऱ्या ओळीत धातूची. आतलं बिघडलेलं निघालं, तर झिजणारी नको मला. तिथे मी ऐकणार नाही."

"टिकटिक."

"टिकटिक. आणि मग मोजे. शपथेवर."

मामांनी बराच वेळ लेथचं थांबलेलं चाक बोटाने मागेपुढे केलं. ते हो म्हणाले म्हणजे काय काय सोडायचं, ते एकेक करून बघत असावेत.

"शपथेवर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती नळी दोन काळसर काचांच्या मधे धरली. एकही डाग नव्हता.

*

फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या गेल्या. पहिली मामांच्या अक्षरात, दुसरी मामींच्या. सर्जनबाईंनी वाचून फक्त मान हलवली.

ऑपरेशनला सात तास लागले. बाकावर मामी होत्या, शेजारी धावत आलेली लेक होती. सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. त्यांनी सांगितलं, सगळं नीट झालं, दोन दिवस काळजीचे. लेकीने विचारलं, कुठली झडप. त्या सांगणार एवढ्यात आतून त्यांना हाक आली, आणि मामी लेकीला म्हणाल्या, "राहू दे. मी बघते."

दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढल्यावर मामींना आत सोडलं. मामा नळ्यांच्या जाळ्यात होते, कारखान्यात असावेत तसे. त्यांनी डोळे उघडले, मामींना ओळखलं, आणि बोलायचं सोडून तोंड उघडलं. मोठं, घड्याळकाकांसारखं. आणि तसंच धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

मामी वाकल्या. यंत्रं वाजत होती, शेजारी कुणी खोकत होतं. त्यांनी कान जवळ नेला, अगदी ओठांपाशी. गरम श्वास होता, औषधाचा वास होता. त्यांनी वाट पाहिली. इतके दिवस त्या ज्या आवाजाची वाट पाहत होत्या, तो यावा की येऊ नये हे त्यांनाच कळेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही वाजत नाही."

मामांनी तोंड मिटलं. डोळ्याच्या कडेने पाणी ओघळलं, ते मामींनी पदराने पुसलं. मग तोच हात त्यांच्या नाकापाशी धरला, सवयीने.

चौथ्या दिवशी सर्जनबाई पाहणीला आल्या. "सध्या गळती नाही," त्या म्हणाल्या. "दर वर्षी बघत राहू."

"ठिपका दिलात का?" मामांनी विचारलं. आवाज घोगरा होता. मामींनी बाईंना नियम समजावून सांगितला, सांधलेल्या भांड्यावर दाब आणायचा नाही तो.

सर्जनबाईंनी ऐकून घेतलं. "मग माझं काम तुमच्या मालकांना पसंत पडणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर दर ठोक्याला दाब येतोय. थांबवायची सोय नाही."

त्या गेल्यावर नर्स आली, हातात प्लास्टिकचं खेळणं घेऊन. तीन उभ्या नळ्या, तीन चेंडू, एक लवचिक नळी, तिला तोंडाशी धरायची चपटी टोपी. "छातीचा व्यायाम," ती म्हणाली. "चेंडू वर गेले पाहिजेत."

मामांनी ते हातात घेतलं. उलटंसुलटं पाहिलं. बुडाशी ठिपका नव्हता. मग नळी ओठांत धरली, डोळे मिटले, आणि फुंकर घातली. हलकी, पोटातून, मोजून.

चेंडू हलले नाहीत.

"मामा, फुंकायचं नाही," नर्स म्हणाली. "आत ओढायचं. उलटं."

त्यांनी परत फुंकलं. ओठांना दुसरं माहीतच नव्हतं. नर्स आणखी एकदा समजावून दुसऱ्या खाटेकडे गेली. मामी पलंगाच्या कडेवर बसून बघत होत्या.

"असं ओढलं तर काच चपटी होते," मामा म्हणाले.

"ही काच नाही. ओढा."

"सहा महिन्यांनी स्कॅन म्हणाल्या ना त्या? इतकी सावकाश भट्टी कुणी लावत नाही."

"तुमच्यात ताणच तेवढा आहे. ओढा."

मामांनी छातीवर उशी धरली, शिकवल्यासारखी, आणि श्वास आत ओढला. टाके दुखले. पहिला चेंडू जागचा हलला, अर्ध्यावर चढला, तिथे थरथरत राहिला.

"आता," मामी हळूच म्हणाल्या. "आता. तसाच."